आळीमिळी

यादी माझ्याकडे, म्हणून मोजणीही माझ्याकडेच.
धक्क्यावर बावीस. तेविसावा मॅलकी,
बसमध्ये राहिलेली काठी आणायला गेलेला.
बोटीवरचा टाइग दोर हातात धरून उभा,
काही न बोलता घाई करत.

पाऊस नव्हता. म्हणजे होता,
पण बँट्रीत त्याला कुणी पाऊस म्हणत नाही.

खडकांवर सील पसरलेले, ओल्या पोत्यांसारखे.
एकाने मान उचलून आमच्याकडे असं पाहिलं,
जसं कॉन्सेप्टा पाहते,
चर्चमधल्या तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलं की.
सगळे हसले. कॉन्सेप्टा नाही.

इंजिनावर आवाज चढवून टाइग सांगत होता:
पूर्वी इथे नुसता कातळ होता,
मूठभर मातीसुद्धा नव्हती.
कुणा पैसेवाल्याला बाग हवीशी झाली,
मग माती आली, होड्या भरभरून, वर्षानुवर्षं.
‘आमच्या पणजोबांनी वाहिली,’ डिम्फना म्हणाली.
‘मजुरी किती मिळाली ते मात्र
कुठल्याच पाटीवर लिहीत नाहीत.’

मग बेट.
माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, दूर दक्षिणेतून आणलेले,
आणि इथल्याच हवेत मुरलेले.
चौकोनी तळं, त्यात ढग.
झाडांच्या गळ्यात पत्र्याच्या चकत्या, लॅटिन नावांच्या.
मॅलकीने आयुष्यभर गाई दोहल्या,
पण लहानपणी तो वेदीपाशी घंटा वाजवायचा,
त्या सुरात तो एकेक नाव म्हणत गेला,
अर्थ तेव्हाही कळत नव्हता, आताही नाही;
आणि आम्ही मागून, कुणी न सांगता,
आवाज खाली आणून चाललो.

चहाच्या खोलीत स्कोनची किंमत
नोरीनने दोनदा विचारली, ऐकू आली होती तरी.

फाटकाशी पाटी होती:
पान, फूल, फांदी तोडू नये.
कॉन्सेप्टाने ती मोठ्याने वाचून दाखवली,
आमच्यासाठी.

परतीला मोजले. तेवीस. सुटले मी.
बोट वळली, तशी लाट आडवी आली
आणि नोरीनची पर्स बाकावरून घसरली:
चष्मा, जपमाळ, पेपरमिंट,
आणि ओल्या टिश्यूत गुंडाळलेली
बोटभर काडी, दोन पानांची.

कुणी बोललं नाही.
जार्लथने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं,
थर्मासला टोपीबाहेर एक पान होतं.
डिम्फनाची बाही हिरवी.
सँडविचच्या चांदीकागदात सँडविच नव्हतं.
आणि कॉन्सेप्टा, आमची कॉन्सेप्टा,
तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून
शेंडा वाकून बाहेर पाहत होता,
खूण ठेवावी तसा.

आळीमिळी गुपचिळी.
टाइग समुद्राकडे बघत राहिला.
त्याची आत्या तिसऱ्या बाकावर होती,
पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

मी हिशेब ठेवणारी बाई. तीस वर्षं पोस्टात,
एका तिकिटाचीही चूक नाही.
मी काहीच घेतलं नव्हतं,
आणि अख्ख्या बोटीत मलाच
चोरी केल्यासारखं वाटत होतं.

रात्री घरी बूट काढले.
तळव्याच्या खाचेत काळा, ओला गोळा,
सुपारीएवढा.
वर्तमानपत्रावर झटकणार होते,
हात थांबला.
हाही एका होडीतूनच आला असणार,
कुणाच्या तरी पाठीवरून, खांदा बदलत.

खिडकीतल्या कुंडीत टाकला तो,
बटाट्याच्या चमच्याने दाबला.
कुंडीत काही नाही. पाणी घालते.

तोडू नये, असं लिहिलं होतं.
बुटांबद्दल काही नव्हतं.